पुनःश्रवण आणि आस्वाद : ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या निमित्ताने

प्रथमश्रवणी श्रोत्याला झिडकारणारी कृती पुढे त्याला आवडू लागली, तर ते आकलन मानावयाचे की केवळ सवय? डार्कथ्रोन या नॉर्वेजियन वाद्यवृंदाची १९९४ साली प्रसिद्ध झालेली ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ ही ध्वनिमुद्रिका या प्रश्नाच्या विवेचनास विशेष सोयीची आहे.

ब्लॅक मेटल हा हेवी मेटल संगीताचा मुळातच कर्कश असा प्रकार; त्यातही ही मुद्रिका अधिक रूक्ष. आठ गीते, सुमारे एकोणचाळीस मिनिटे. सर्व वाद्ये फेनरिझ याने एकट्याने वाजवून घरगुती यंत्रावर मुद्रित केली. गायन नॉक्टर्नो कुल्टो याचे, आणि गायन म्हणजे घसा खरवडून काढलेला चीत्कार. ध्वनी पातळ आहे, खर्ज जवळजवळ नाही. हा दुबळेपणा मात्र नव्हे. याच वाद्यवृंदाची १९९१ची ‘सोलसाइड जर्नी’ स्टॉकहोममधील व्यावसायिक स्टुडिओत मुद्रित झाली होती आणि तीत तालाची गुंतागुंत भरपूर आहे. जे साधलेले होते, ते येथे जाणूनबुजून टाकून दिले आहे.

पहिल्या श्रवणात कानावर आदळतो तो ड्रमचा अतिद्रुत, एकसुरी ठेका. शीर्षकगीतात तो आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ बदलत नाही. परंतु जे बदलत नाही त्याकडे लक्ष देणे कान हळूहळू सोडून देतो. काही श्रवणांनंतर ठेका मागे सरतो, पावसाच्या संततधारेसारखा केवळ पार्श्वभूमी होऊन राहतो, आणि त्याच्यापुढे गिटारची रेषा उमटू लागते. तारा इतक्या वेगाने छेडल्या आहेत की सुटे आघात विरून स्वर सलग वाहताना भासतात. एकच स्वरावली पुनःपुन्हा येते. आणि ती पालटते तेव्हा तो लहानसा पालटही, इतर सर्व स्थिर असल्यामुळे, मोठा वाटतो. गती अफाट असून संगीत मंद वाटावे, ही या मुद्रिकेची खरी किमया आहे. पहिल्या श्रवणात दोष वाटलेली एकसुरीपणाची भिंतच या रेषेचा आधार असते. पुनरावृत्ती रचनेतच असल्याने, ही कृती श्रोत्याला आपले श्रवणशास्त्र स्वतःच शिकविते असे म्हणता येईल.

यावर आक्षेप संभवतो. केवळ वारंवार परिचयानेही वस्तू प्रिय होऊ लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांच्या आधारे मांडले. मग येथे निराळे काय घडते? भेद ओळखण्याची खूण अशी की, सवय सर्व काही सारखेच सुसह्य करते, तर आकलन निवड करू लागते. सरावलेला श्रोता आठ गीते वेगळी ओळखतो, दुसऱ्या गीताचा अडीच मिनिटांचा आटोपशीरपणा त्याला जाणवतो, आणि एखाद्या गीताबद्दल त्याची नापसंती पूर्वीपेक्षा अधिक पक्कीही होते. अभिनवगुप्ताने सहृदयाच्या लक्षणात काव्याच्या अनुशीलनाला आणि अभ्यासाला स्थान दिले. त्याला अभिप्रेत असलेला मनाचा आरसा अभ्यासाने स्वच्छ होतो, गुळगुळीत नव्हे.

हाच निकष शब्दांना लावला असता मात्र अडचण उभी राहते. आठांपैकी चार गीतांचे शब्द वार्ग विकेर्नेस याचे आहेत. ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेम वाद्यवृंदातील ऑइस्टीन ऑर्सेट याची त्याने हत्या केली होती आणि १९९४ साली तो दोषी ठरला. मुद्रिकेच्या वेष्टनामागे प्रथम ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ अशा अर्थाचे शब्द होते. आक्षेपानंतर ते काढले गेले आणि वाद्यवृंदाने क्षमा मागितली. गिटारच्या रेषेत यांतील काहीच ऐकू येत नाही, हे समर्थन अपुरे आहे. शीर्षकगीत वगळता बहुतेक शब्द नॉर्वेजियन असल्याने, ती भाषा न जाणणाऱ्या श्रोत्याला ते शंभराव्या श्रवणातही नादरूपच राहतात. या बाबतीत पुनःश्रवणाने भेद स्पष्ट होत नाहीत, उलट पुसले जातात. येथे सवयच काम करीत असते, आणि ते शब्द कोणाचे व कशाविषयी आहेत हे श्रोत्याला मुद्रिका बंद करूनच जाणून घ्यावे लागते.