इशीचे बाण आणि पोपचा एक परिच्छेद

सॅक्स्टन पोप हे सॅन फ्रान्सिस्कोतले शल्यविशारद. त्यांचं ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ हे पुस्तक १९२३ साली निघालं. तिरंदाजीचा नाद असलेले लोक ते आजही वाचतात, बहुतेक जण त्यातल्या शिकारींसाठी. मला मात्र त्याच्या दुसऱ्या प्रकरणातली काही पानं सगळ्या शिकारींपेक्षा मोलाची वाटतात. घासून तयार झालेली लाकडी काडी रंगवून, सरस लावून, पिसं बांधून तिचा बाण कसा पुरा होतो, एवढंच त्या पानांत आहे.

हे बाण इशीचे. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ, कत्तलखान्याच्या आवारात तो सापडला; उपासमारीनं खंगलेला आणि अगदी एकटा. ‘याही’ ही त्याची जमात गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात जवळजवळ संपवली होती. उरलेली मूठभर माणसं डोंगरात लपून राहिली आणि अखेरीस हा एकच मागे राहिला. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला विद्यापीठाच्या संग्रहालयात आणवलं. शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होतं आणि पोप तिथे होते. डॉक्टर म्हणून इशीला भेटलेला हा माणूस पुढे बाणांच्या कामात त्याचा शिष्य झाला.

पोपची भाषा या पानांत कमालीची कोरडी आहे आणि तेच तिचं बळ आहे. विच-हेझल झुडपाच्या सरळ फांद्या तोडायच्या, वाळू द्यायच्या, मग निखाऱ्यांवर शेकून सरळ करायच्या. बाक जिथे असेल ती जागा गरम झाली की दुसऱ्या बाजूनं पायाचा अंगठा दाबायचा, नाहीतर हाताच्या अंगठ्याच्या मुळावर काडी उलटी वाकवायची. मग एक डोळा मिटून काडीच्या रेषेत बघायचं. खाचा पाडलेल्या दोन वालुकाश्मांच्या मधून ती मागेपुढे फिरवायची, किंवा मांडीवर लोळवत घासायची. जाडी सुमारे ५/१६ इंच होईपर्यंत हे चालतं आणि मग काडी सव्वीस इंचांच्या आसपास कापली जाते. अवजारं जवळपास नाहीतच. पायाचा अंगठा, मांडी, तळवे आणि पुढे दात हीच अवजारं. पोप शल्यविशारद असल्यामुळे कुठला अवयव कुठे टेकला हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि ते सांगताना ते एकही विशेषण खर्च करत नाहीत.

यानंतर रंगाचा परिच्छेद येतो. काडीच्या मागच्या टोकापासून सुमारे दोन इंच सोडून पुढच्या चार इंचांत इशी रंगाची वलयं काढी; कधी ठिपके, कधी नागमोडी रेषा. हरवलेला बाण गवतात सापडावा आणि तो कुणाचा आहे हे कळावं, हे या रंगाचं काम. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेतात ना, तसंच हे. रंगवून झालं की त्या सगळ्या भागावर इशी बहुधा पातळ सरसाचा हात फिरवी.

हा परिच्छेद दोन काळांत लिहिलेला आहे. ‘आमच्याकडे असताना’ इशी कोरडे रंग लाखेच्या पॉलिशमध्ये, म्हणजे शेलॅकमध्ये, कालवून वापरी, कारण तेलरंगापेक्षा ते लवकर सुकत. मागच्या काळातले त्याचे स्वतःचे रंग वेगळे: लाल हिंगुळाचा, काळा ट्राउट माशाच्या डोळ्यातला, हिरवा रानकांद्याचा. हे झाडाच्या चिकात मिसळायचे आणि बारीक काडीनं, नाहीतर पिसाच्या नळीत ओवलेल्या कोल्ह्याच्या शेपटीच्या केसांनी लावायचे. निळा रंग एका झाडाच्या मुळापासून होतो, हे मात्र इशीनं सांगितलं म्हणून पोप लिहितात आणि तसं स्पष्ट नोंदवतात. जे पाहिलं ते पाहिलं, जे ऐकलं ते ऐकलं. या एवढ्याशा सावधपणामुळे माझा बाकीच्या तपशिलांवरचा विश्वास वाढतो.

त्या लाखेपाशी मी दर वेळी थबकतो. शेलॅक म्हणजे आपला चपडा. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर धरतात तो खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पत्रे ओढतात. आपले सुतार हाच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश करतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगाला लाख पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान होता, आणि विदर्भातल्या पळसांवर आजही लाख धरते. म्हणजे कॅलिफोर्नियातला एक माणूस आपल्या बाणांवर खुणा रंगवत होता, आणि त्या रंगाला धरून ठेवणारी राळ बहुधा आपल्याकडच्या रानातून गेलेली होती. पोपना याचं भान असण्याचं कारण नव्हतं. आपल्याला असायला हरकत नाही.

इशीनं लाख पसंत केली यातही कारागिराची अक्कल आहे. तेलरंग हवेशी संयोग होऊन सावकाश घट्ट होतो. लाखेतलं स्पिरिट उडालं की काही मिनिटांत पापुद्रा तयार. पुढे याच जागेवर पिसं बसायची असतात, त्यामुळे ओला रंग कामाचा नाही. सरसाचा हात लाकडाचे उघडे रेषे बुजवतो आणि पिसाच्या कण्याला बसायला गुळगुळीत जागा देतो. मात्र सरस पाण्यानं मऊ पडतो, लाखेवर पाणी राहिलं तर पांढरे डाग उमटतात, आणि पिसं बांधायची हरणाची तातही भिजली की सैलावते. हा बाण कोरड्या हवेचा बाण आहे.

पिसांचं काम पोप असंच जवळून दाखवतात. पीस टोकाशी दोन्हीकडून धरून उभं फाडायचं, अर्धं पीस पायाच्या अंगठ्यानं दगडावर दाबून ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखी काचेच्या, पात्यानं त्याचा कणा चपटा होईतो खरवडायचा. मग तात चावून मऊ करायची, तिचं एक टोक दातांत धरायचं आणि बाण फिरवत ती पिसांच्या टोकांवर गुंडाळायची. वाळताना ती आवळते. गाठीची गरज उरत नाही.

या पुस्तकातलं सगळंच मला पटत नाही. इशीच्या स्वभावाबद्दल लिहिताना पोप त्याला मोठ्या माणसानं लहान मुलाकडे पाहावं तसं पाहतात. त्यांच्या काळाचा तो दोष आहे, आणि दोषच आहे. बाणाच्या पानांत तो सूर पूर्णपणे गळून पडतो. तिथे शिकणारे पोप आहेत आणि जाणता इशी आहे, याबद्दल एकाही वाक्यात शंका राहत नाही.

त्याच पानांत एक बारीक नोंद आहे: इशी बाण पाच किंवा दहाच्या संचात करी, कारण त्याचं मोजमाप हाताच्या बोटांचं. २५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयानं गेला. दहनापूर्वी त्याच्या पेटीत धनुष्य, ओकच्या फळांचं पीठ, तंबाखू आणि शंखशिंपल्यांचे मणी ठेवले गेले. बाण ठेवले तेही पाच. ते कुणी मोजून ठेवले असतील हे बाणाची पानं वाचलेल्याला सांगावं लागत नाही.

पुस्तक आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतं. अस्वलांच्या शिकारीची प्रकरणं सोडलीत तरी चालेल. दुसरं प्रकरण मात्र सावकाश वाचा, आणि रंगाचा परिच्छेद दोनदा.