संदर्भसूचीचे शेवटचे पान

गेल्या हिवाळ्यात शिंदखेड्याला माध्यमिक शाळांतल्या मुलांच्या विज्ञान-निबंधांचा एक गठ्ठा तपासण्याचे काम माझ्याकडे आले. विषय होता 'आपल्या परिसरातील पाणी'. कोणी बुराई नदीवर लिहिले होते, कोणी तापीवर, कोणी विहिरींवर, तर बऱ्याच जणांनी पांझरा खोऱ्यातल्या फड पद्धतीवर. अक्षर नेटके, आकृत्या सुबक. प्रत्येक निबंधाच्या शेवटी संदर्भसूची होती, कारण तिला गुण राखून ठेवलेले होते. मला अस्वस्थ केले ते याच शेवटच्या पानाने.

काही सूच्यांत तीनच नोंदी होत्या: 'पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र, गुगल'. काहींत आठ-दहा पुस्तकांची नावे होती. पण निबंधातले कोणते विधान कोणत्या पुस्तकातून आले, याचा मागमूस नव्हता. दोन वेगळ्या शाळांतल्या निबंधांची सूची तर हुबेहूब सारखी निघाली, एका लेखकाच्या नावातल्या चुकीसकट!

आता फड पद्धतीचेच घ्या. नदीवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी शेतापर्यंत न्यायचे, भिजणाऱ्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी द्यायचे काम पाटकऱ्याकडे सोपवायचे, अशी ही गावाने चालवलेली व्यवस्था. ती किती जुनी? एका निबंधात तीनशे वर्षे, दुसऱ्यात चारशे, तिसऱ्यात पाचशे. तिन्ही मुलांचा सूर सारखाच ठाम. यातला कोणता आकडा बरोबर, हा माझा प्रश्न नाही. तो बरोबर आहे की नाही हे शोधायला वाचकाला वाटच ठेवलेली नाही, ही माझी तक्रार आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड १८८० साली निघाला. त्यात या भागातल्या बंधाऱ्यांची माहिती आहे. 'या खंडात असे म्हटले आहे' एवढे एखाद्याने लिहिले असते, तरी निदान १८८० पर्यंतचे पाऊल पक्के झाले असते. त्यामागे किती जायचे, ते पुढच्याने पाहिले असते.

गठ्ठ्यातला एक निबंध मात्र वेगळा होता. रात्रीच्या पाळीला पाणी कसे वळवतात, पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याची काळजी कशी घेतात, असे बारकावे त्यात होते. ते मी कोणत्याच छापील पुस्तकात वाचलेले नव्हते. संदर्भसूचीत मात्र तेच, 'गुगल'. मी त्या मुलाला बोलावून विचारले, "हे कुठून मिळाले?" तो आधी गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, माझे आजोबा पाटकरी होते. आजोळी गेलो की ते सांगतात. पण आजोबांचे नाव संदर्भात चालत नाही ना?"

संदर्भ म्हणजे भारदस्त नावांची यादी, असे आपण या मुलाला शिकवले आहे. म्हणून त्याने खरा साक्षीदार लपवला आणि जिथे ही माहिती नव्हतीच तिथले नाव पुढे केले. नकळत का होईना, हे खोटे विधान आहे. आणि ते त्याच्याकडून आपल्या गुणपद्धतीने लिहून घेतले आहे.

मूळ न पाहता पुढे ढकलण्याची सवय मुलांनाच असते असे नाही. पालकाची गोष्ट शिक्षकांनी ऐकली असेल: एकोणिसाव्या शतकात कोणा जर्मन शास्त्रज्ञाकडून दशांशचिन्ह चुकले, त्यामुळे पालकातले लोह दहापट दिसले आणि जग फसले. ही गोष्ट पसरली ती टी. जे. हॅम्ब्लिन यांनी १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलेल्या लेखामुळे. २०१० साली माइक सटन यांनी तिचा माग काढला, तेव्हा दशांशचिन्हाच्या त्या चुकीला आधारच सापडेना. हॅम्ब्लिन यांनी लेखात संदर्भ दिलेलाच नव्हता. २०१४ साली नॉर्वेच्या ओले ब्योर्न रेकडाल यांनी दाखवले की, अभ्यासकसुद्धा ही गोष्ट मूळ न तपासता एकमेकांच्या लेखांतून उचलत आले होते. गंमत अशी, की 'माहिती तपासून घ्या' हे पटवण्यासाठीच ती सांगितली जात होती! मीही वर्गात ती सांगितली आहे. माझ्या प्रबंधातही एक संदर्भ मूळ लेख न वाचता घेतलेला होता. परीक्षकांनी पान काढून दाखवायला सांगितले, तेव्हा त्या पानावर दुसरेच काही निघाले.

याउलट धडा घ्यायला खानदेशाला दूर जावे लागत नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने छापली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. राजवाड्यांचे अनेक निष्कर्ष, विशेषतः काही व्युत्पत्त्या, आज मान्य होत नाहीत. पण मूळ पत्रे त्यांनी छापून ठेवली आहेत, त्यामुळे ती वाचून त्यांच्याशीही मतभेद करता येतो. संदर्भ देणे म्हणजे आपली चूक पकडण्याचे साधन आपणच वाचकाच्या हाती देणे.

मग मुलांना काय सांगावे? विषयाप्रमाणे साधन बदलते. इतिहासात मूळ कागद कोणता आणि तो कुठे छापला आहे. भाषेच्या निबंधात कवितेची कोणती आवृत्ती. भूगोलात कोणत्या सालची जनगणना वा नकाशा. विज्ञानात मोजमाप कोणी, कधी, कशाने केले. विहिरीची पातळी स्वतः दोरीने मोजली असेल, तर तारखेसह तसे लिहावे, तोही संदर्भच. इंटरनेटवरून घेतले असेल तर 'गुगल' लिहू नये. गुगल वाट दाखवतो, माहिती त्या त्या पानावर असते. म्हणून पानाचे नाव, लिहिणारा आणि पाहिल्याची तारीख द्यावी. मूळ पाहिले नसेल, तर 'अमक्या पुस्तकात उल्लेखल्याप्रमाणे' असे सरळ कबूल करावे. ऐकीव माहिती असेल, तर सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचे नाव, गाव, व्यवसाय आणि बोलणे झाल्याची तारीख नोंदवावी.

यादीच्या लांबीला गुण देणे मात्र थांबवायला हवे. निबंधातले कोणतेही एक वाक्य निवडावे आणि "हे कशावरून?" एवढेच विचारावे. जो विद्यार्थी त्या वाक्यापासून साधनापर्यंत आपल्याला घेऊन जाईल, त्याला पूर्ण गुण द्यावेत, मग त्याच्या सूचीत एकच नाव का असेना.

त्या मुलाला मी शेवटचे पान पुन्हा लिहायला सांगितले. त्याने 'गुगल' खोडले आणि आजोबांचे नाव लिहिले. मग थांबून विचारले, "सर, तारीख कोणती लिहू? ते तर मला लहानपणापासून सांगतात."

मी म्हटले, "पुन्हा जाऊन विचार, आणि त्या दिवसाची लिही."