पॅरिसची शिवण, घरचे मशीन

बाजारात मिळणाऱ्या कागदी पॅटर्नमध्ये शिवणीसाठी साधारण दीड सेंटिमीटर माया धरलेली असते. कापडाची कड मशिनवरच्या खुणेला लावायची आणि टीप मारत जायचे. हात चालतो तो कापलेल्या कडेच्या भरवशावर. पॅरिसच्या कुत्यूर, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने कपडे घडवणाऱ्या, कार्यशाळांत नेमके उलट चालते. तिथे माया इंचभर किंवा त्याहून अधिक सोडलेली असते आणि कड थोडी वाकडी असली तरी कोणाचे काही बिघडत नाही. जपायची असते ती शिवण पडायची रेघ. ती कापडावर धावदोऱ्याने उमटवतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी दिसते. जोडताना रेघेवर रेघ ठेवून कच्चा टाका घालतात, अंगावर घालून बघतात, उसवतात, रेघ सरकवतात आणि मगच पक्की शिवण घेतात. घरच्या शिवणकामात कुत्यूरची तंत्रे आणण्याची जी हौस गेल्या तीसेक वर्षांत वाढली, ती मला या रेघेवरून तपासावीशी वाटते. कारण हाताचे टाके पुष्कळांनी उचलले, रेघेची शिस्त फार थोड्यांनी.

कुत्यूर आणि कागदी पॅटर्नवरची घरगुती शिवण यांचे वय जवळपास सारखेच. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रजाने पॅरिसच्या रू द ला पे या रस्त्यावर आपले दुकान थाटले ते १८५८ साली. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली ती १८६३ साली. एका परंपरेत एका बाईसाठी एक कपडा, दुसरीत एका कागदावरून हजारो घरांत हजारो कपडे. दोघींची भेट व्होग पॅटर्नने घडवली. १९४९पासून पॅरिसच्या नामवंत डिझायनरांच्या कपड्यांचे पॅटर्न त्यांच्या परवानगीने विकले जाऊ लागले आणि पाकिटात कपड्याला लावायचे विणलेले लेबलही मिळू लागले. हे लेबल मला खटकते. आकार घरी आला, नाव घरी आले. तो आकार ज्या रीतीने घडला ती रीत बरीचशी पॅरिसलाच राहिली.

ती रीत उलगडून दाखवण्याचे मोठे काम क्लेअर शेफर यांनी केले. त्यांचे कुत्यूर शिवणतंत्रांवरचे पुस्तक १९९३ साली आले आणि २०११ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. जुने कुत्यूर कपडे आतून पाहायचे, कुठला टाका कुठे आणि कशासाठी घातला आहे हे समजून घ्यायचे, ही त्यांची पद्धत. पुस्तकाचे बळ त्यातच आहे. उणीव म्हणायची तर ती मांडणीची. काज, खिसा, चेन, दुमड अशी प्रकरणे सुटी सुटी वाचता येतात, आणि वाचक तशीच वाचतात. मग मशिनवर घाईने शिवलेल्या, एकदाही अंगावर घालून न पाहिलेल्या फ्रॉकला हाताने, उलट्या टाक्याने लावलेली चेन दिसते. चेन सुंदर असते आणि खांदा पडलेला असतो.

या साऱ्या चळवळीचे दैवत म्हणजे शनेलचे जॅकेट. १९५४ साली आपली कार्यशाळा पुन्हा उघडल्यावर कोको शनेल यांनी जे जॅकेट घडवले, त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. कापड सैल विणीचे ट्वीड, कापले की धागे सुटणारे. त्यात जाड कॅनव्हास घातला असता तर त्याचा मऊपणा गेला असता. म्हणून प्रत्येक भागाला रेशमी अस्तर आधी उभ्या टिपांनी जोडून घेतात. या टिपा कडेपर्यंत नेत नाहीत, अलीकडेच थांबवतात. मग ट्वीडच्या शिवणी मशिनवर घेता येतात आणि वरून अस्तराच्या कडा हाताने मिटवता येतात. अस्तरच कापडाला धरून ठेवते. टिपा ट्वीडच्या पोतात बुडून जातात. एवढ्या हलक्या जॅकेटचा घेर सरळ पडावा म्हणून आत खालच्या कडेला पितळी साखळी. प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीतून निघालेली आहे. घरी शिवलेली काही जॅकेटे खरोखर या दर्जाची असतात, आणि ती शिवणाऱ्या बायकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण इस्त्रीने चिकटवायचे कडक अस्तर लावून वर साखळी टाकलेली जॅकेटेही तितकीच दिसतात. तिथे साखळीला काही काम उरलेले नसते.

मादलेन व्हिओने यांच्याकडून शिकण्यासारखे याहून जास्त आहे, आणि त्यांच्याकडे लक्ष कमी गेले आहे. १९१२ साली त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. त्या छोट्या लाकडी बाहुलीवर कापड लावून कपडा घडवत आणि अखंड कपडा उरेब कापत. उरेब कापड लोंबते, लांबीला वाढते, रुंदीला आक्रसते. म्हणून ते टांगून ठेवायचे, त्याला हवे तेवढे वाढू द्यायचे आणि नंतरच घेराची रेघ आखायची. वाट पाहणे हाच इथे शिवणकामाचा भाग होतो. घरी शिवणारीला हे सहज जमते, कारखान्याला परवडत नाही. बेटी कर्क यांनी व्हिओनेच्या कपड्यांचे पॅटर्न काढून पुस्तकात छापले, ते या कलेवरचे मोठे उपकार आहेत. तसेच काम लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयाने डिझायनर बालेन्सियागा यांच्यावरच्या २०१७च्या प्रदर्शनात केले. निक वीझी यांनी काढलेल्या एक्स-रे चित्रांत कपड्यांच्या पोटातला सांगाडा लोकांना दिसला. अशा आतल्या चित्रांनी जे शिकवले जाते ते बाहेरच्या शंभर फोटोंनी होत नाही. बीबीसीवर २०१३पासून चाललेल्या शिवणस्पर्धेने हजारोंना मशीनपाशी बसवले हे खरे. पण तिथे घड्याळ लावून शिवतात, आणि कुत्यूरचा प्राणच सवडीत आहे.

आपल्याकडे कुत्यूर म्हटले की भरतकाम डोळ्यांसमोर येते. ३० मार्च २०२३ला दिओरचा शो गेटवे ऑफ इंडियासमोर झाला, तेव्हा मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेतल्या कारागिरांच्या हातांचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. कपड्याच्या आतल्या कामाची चर्चा मात्र फारशी झाली नाही. वास्तविक ते काम आपल्या शिवणक्लासांत काही अंशी जिवंत आहे. अस्तराचा ब्लाउज घ्या. अस्तर आणि वरचे कापड एकाच मापाचे कापून, एकत्र धरून, एकच कापड असल्यासारखे शिवतात. पॅरिसमध्ये रेशमी ऑर्गन्झा लावून हेच करतात. कुशीला इंचभर माया ठेवून दोन-तीन टिपा मारायच्या, अंग भरले की एक उसवायची, ही रीत तर घरोघरी आहे. एकाच अंगाचा वर्षानुवर्षांचा विचार त्यात आहे. साडीचा फॉल बाहेरून टाका दिसू न देता हाताने लावणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. कमी आहे ती चाचणीच्या कपड्याची सवय. झारापकर पद्धतीच्या पुस्तकांनी कित्येक पिढ्यांना छातीच्या मापावरून कागदावर आकृती काढायला शिकवले. ते गणित पक्के आहे, पण गणिताला पोक काढून चालणारी पाठ किंवा एक उतरता खांदा कळत नाही. त्यासाठी आधी मांजरपाटात शिवून अंगावर घालून पाहावे लागते. क्लासांनी हा एक तास वाढवला तर मला वाटते सगळ्यात मोठा फरक पडेल.

आणि त्याची निकड आज आहे, कारण आजीच्या पैठण्या कापल्या जात आहेत. जुन्या पैठणीचा ड्रेस किंवा जॅकेट करणे मला गैर वाटत नाही. कपाटात विरून जाण्यापेक्षा ते बरे. पण त्या कापडाला दुसरी संधी नसते. सुईचे भोक रेशमात राहते, म्हणून उसवून दुरुस्ती करण्याची सोय नाही. वर्षानुवर्षांच्या घडीवर रेशीम आधी चिरते. पदर जरीने जड आणि अंगचे कापड हलके, म्हणून दोन्ही सारखे लोंबत नाहीत. इथे कुत्यूरची रीत अक्षरशः उपयोगी पडते. आधी मांजरपाटात सगळी फिटिंग संपवावी. तो नमुना उसवून त्याचेच तुकडे पैठणीवर मांडावेत, घड्या टाळून. प्रत्येक तुकड्यामागे ऑर्गन्झा किंवा मऊ मलमल लावावी आणि खुणा त्या मलमलीवरच कराव्यात, रेशमावर खडू लागू देऊ नये. कच्चे टाके रेशमाच्या दोऱ्याने, बारीक सुईने, मायेतच घालावेत. माया भरपूर ठेवावी. जरीवर इस्त्री उलट बाजूने, वर सुती कापड ठेवून फिरवावी. घेराची दुमड मागच्या मलमलीला टाचावी, म्हणजे बाहेर एकही टाका येत नाही आणि ताण पैठणीवर न येता मलमलीवर येतो. यातले काही शिकायला पॅरिसला जावे लागत नाही आणि महाग यंत्रही लागत नाही. लागतो तो आठवडा, आणि तो शिवणाऱ्या शिंपिणीला तिच्या गिऱ्हाइकाने मजुरीत मोजून द्यायला हवा.