कान असणाऱ्यांसाठी एक रॅपगीत

रॅप म्हटले की आमच्या नांदेड-लातूरकडील घरांतून वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ‘हे गाणे म्हणावे की भांडण?’ असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे; परंतु निवाडा देण्यापूर्वी रसिकांनी एक गाणे सबंध ऐकावे, एवढीच विनंती. मुंबईच्या ‘स्वदेसी’ ह्या तरुण मंडळींचे 2019 सालचे ‘द वारली रिव्होल्ट’ हे ते गाणे.

त्याच वर्षी ‘गली बॉय’ चित्रपटाने रॅप घरोघरी नेले. त्यातली गाणी शाळकरी पोरांच्याही तोंडी बसली. हे गाणे मात्र मागेच राहिले.

रॅपचा उगम 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या गरीब वस्तीतला. सुरापेक्षा शब्दाच्या आघाताला तेथे मान. पण ज्याने माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळी ऐकली आहे, डफावरचा पोवाडा ऐकला आहे, त्याच्या कानाला ही रीत परकी का वाटावी?

ह्या गाण्यात आरेच्या जंगलातले आदिवासी प्रकाश भोईर गातात. लोकगीताचा तुकडा मिठाईवरच्या वर्खासारखा चिकटविण्याची हौस हल्ली फार. येथे तसे नाही. भोईरांचा आवाज हाच गाण्याचा कणा आहे. शहरी पोरे त्याला साथ देतात. 1945 साली ठाणे जिल्ह्यातील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलेल्यांना हा धागा चटकन सापडेल. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडे पडली, तेव्हा गाण्यातला राग नाटकी नव्हता हेही उमगले.

उणीव आहेच. वारल्यांच्या बंडाला इंग्रजी नाव कशासाठी? ज्यांचे दुःख, त्यांच्याच बोलीत नाव शोभले असते.

हे आवडल्यास मृदंगवादक विवेक राजगोपालन ह्यांचे ‘ता धोम’ ऐका. कर्नाटक संगीतातील बोलांचा हिशेब त्यांनी ह्याच पोरांना शिकविला नि रॅपला तालाची शिस्त लाविली. त्या पोरांपैकी गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार, म्हणजेच एमसी तोडफोड, 2022 मध्ये अवघ्या 24 व्या वर्षी गेला. त्याच्या निधनाची बातमी जितक्यांनी वाचली, तितक्यांनी त्याचे गाणे ऐकले असेल काय? कलावंत गेल्यावर हळहळणे सोपे. तो गात असताना कान देणे हेच रसिकाचे खरे काम.

तेव्हा फराळ आटोपल्यावर घरच्या पोरांना हे गाणे लावायला सांगा. आणि आजोबांनाही उठू देऊ नका.