सरकी वेगळी, रुई वेगळी : जमशेटजींची चरित्रे आणि वऱ्हाडचा कापूस

आमचे नांदगाव पेठ अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. महामार्गालगत औद्योगिक वसाहत आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याच्या कार्यक्रमातून येथल्या १००० एकरांच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. त्यामागचा विचार कोणालाही पटावा असा आहे : कापूस पिकतो तेथेच त्याचे सूत आणि कापड व्हावे. योगायोग असा की बरोबर दीडशे वर्षांपूर्वी, १८७४ मध्ये, हाच विचार घेऊन जमशेटजी टाटांनी नागपूरच्या गिरणीसाठी कंपनी काढली होती. या निमित्ताने मी त्यांची चरित्रे पुन्हा वाचायला घेतली आणि एका शंकेपाशी अडलो. ती शंका वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंग्रजीतली तीन चरित्रे मुख्य मानावी लागतात. पहिले दिनशा वाच्छा यांचे, १९१४ सालचे. वाच्छा १९०१ च्या काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि मुंबईच्या गिरणीधंद्यातले जाणकारही. दुसरे फ्रँक हॅरिस यांचे, १९२५ सालचे. पुढच्या जवळजवळ सगळ्या लेखनाचा कच्चा माल येथूनच गेला आहे. तिसरे आर. एम. लाला यांचे, २००४ सालचे. वाच्छांची भाषा सभेतल्या भाषणासारखी आहे, हॅरिस शिस्तीने नोंदी लावतात, लाला गोष्ट रंगवून सांगतात. मराठीत जे आले ते बहुतेक याच उसावर चाललेले गुऱ्हाळ आहे. तिन्ही चरित्रांचा कणा एकच : गिरणी, मग पोलाद, वीज आणि बंगळूरची विज्ञानसंस्था. एका माणसाच्या मनात अख्खा देश कसा उभा राहिला, हे त्यांना दाखवायचे आहे. ते त्यांनी दाखवले आहे, यात वाद नाही. १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी उभारणारा आणि १८९८ मध्ये विज्ञानसंस्थेसाठी ३० लाखांची मालमत्ता देऊ करणारा माणूस मोठाच होता.

माझी शंका वेगळी आहे. या चरित्रांत कापूस आहे, पण पऱ्हाटी नाही.

नागपूरच्या निवडीचाच प्रसंग घ्या. मुंबई सोडून जमशेटजी नागपुरात का आले, याची कारणे चरित्रकार देतात. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे आलेली आणि सुताला गिऱ्हाईक म्हणून आसपासचे कोष्टी-विणकर. पाठोपाठ मारवाडी सावकाराची गोष्ट हमखास येते. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भर घालणे म्हणजे जमिनीत सोने पुरणे, असे म्हणून त्याने पैसे नाकारले आणि पुढे जमशेटजींनी माती टाकून सोने काढले, अशी कबुली दिली. गोष्ट छान आहे. पण ती सांगताना सावकार मूर्ख ठरतो आणि एक साधी बाब निसटते. नागपूर-वऱ्हाडातला पैसा तेव्हा दर हंगामी कापसात फिरत असे. पेरणीला उचल, दिवाळीनंतर वसुली, उन्हाळ्यात पुन्हा हातात. तोच पैसा विटा-यंत्रांत अडकवणे सावकाराला जड वाटले, याचे कारण तो ज्या चक्रावर जगत होता ते चक्र होते. त्या चक्राच्या दुसऱ्या टोकाला कुणबी, माळी होता. गोष्टीत सावकार तरी आहे. तो कुणबी नाही.

गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून गिरणीचे नाव 'एम्प्रेस'. त्याच वेळी दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात दुष्काळ चालू होता. हे नाव पुढे राष्ट्रीय चरित्रकारांना थोडे अवघड जाते आणि ते त्यावरून लवकर पुढे सरकतात. मला त्यात लपवण्यासारखे काही दिसत नाही. त्या पिढीला राणीचे नाव आणि स्वदेशीचा ध्यास एकाच खिशात ठेवता येत होता. १८८६ मध्ये कुर्ल्याची बुडीत गिरणी घेऊन याच जमशेटजींनी तिचे नाव 'स्वदेशी' ठेवले.

जास्त अवघड आहे ते १८७७ चे दुसरे प्रकरण. कामगार चळवळीच्या इतिहासांत कापड गिरण्यांतला पहिला नोंदला गेलेला संप म्हणून याच एम्प्रेस मिलचा, याच वर्षीचा, मजुरीच्या दरावरून झालेला संप सांगितला जातो. टाटांच्या कामगारकल्याणाची परिचित कथा मात्र १८८६ च्या पेन्शन निधीपासून सुरू होते आणि १८९५ च्या अपघात-भरपाईकडे जाते. या सोयी खऱ्या होत्या आणि काळाच्या पुष्कळ पुढे होत्या. गैरहजेरीवर दंडाऐवजी बक्षिसे, निधी, मोकळी हवा हा उपाय काढणे ही मालक म्हणून जमशेटजींची आणि व्यवस्थापक म्हणून बेझनजी मेहतांची हुशारी होती. पण कथा नऊ वर्षे उशिरा सुरू केली की देणारा दिसतो आणि मागणारा दिसत नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधू'तून गिरणी कामगारांची बाजू मराठीत मांडत होते. तो मजकूर आणि ही चरित्रे शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक मला अजून हवा आहे.

तरी माझ्या मते चरित्रांतली सर्वांत मोठी चुकलेली संधी संपाची नाही, १८९६ च्या एका टिपणाची आहे. त्या वर्षी जमशेटजींनी हिंदुस्थानात इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस पिकवावा, असे सुचवणारे टिपण प्रसिद्ध केले. चरित्रकार त्याची दखल घेतात, पण कुतूहलाचा आणखी एक नमुना म्हणून. म्हैसूरकडच्या रेशमाच्या ओळीत बसवून. मला ते टिपण ताजमहाल हॉटेलपेक्षा महत्त्वाचे वाटते. गिरणीचा मालक पहिल्यांदाच शेताच्या बांधावर येऊन बोलतो आहे.

वेळ पाहा. फेब्रुवारी १८९६ मध्ये सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. लँकेशायरच्या दडपणाखाली, हे सर्वांना ठाऊक होते. लँकेशायरशी लढायचे तर बारीक सूत हवे, बारीक सुताला लांब धागा हवा आणि वऱ्हाडी कापसाचा धागा आखूड. तेव्हा लांब धागा येथेच पिकवा. गिरणीच्या दारातून पाहिले तर हा तर्क अचूक आहे आणि देशभक्तीचाही आहे.

आता तो शेतातून पाहू. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. उमरावती, म्हणजे आपली अमरावती. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५, त्याला सोन्याचे मोल आले. त्यानंतर मध्यप्रांत-वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी हिंगणघाटच्या 'बनी' या बारीक, लांब धाग्याच्या वाणाचा पाठपुरावा केला. तो लँकेशायरसाठी होता. तीस वर्षांनी जमशेटजी लांब धागा मागतात तो लँकेशायरविरुद्ध. झेंडे उलट, पण शेताकडे मागणी तीच. हा मुद्दा मला एकाही चरित्रात सापडला नाही आणि मला वाटते तोच या प्रकरणाचा गाभा आहे.

शेतकऱ्याने काय केले? त्याने दोघांचेही ऐकले नाही. बनी मागे पडत गेली आणि 'जरी' नावाचा जाडाभरडा, आखूड धाग्याचा, काटक वाण पसरत गेला. इंग्रज अधिकाऱ्यांनी याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हटले. ते अज्ञान नव्हते, हिशेब होता.

हा हिशेब मी पुस्तकात नाही, काट्यावर शिकलो. माझे वडील हंगामात एका जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होते आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसत असे. कापूस घेणारा आधी मूठभर बोंडे हातात घेई, सरकी नखाने सोलून वेगळी करी आणि मग भाव बोले. 'सरकी वेगळी, रुई वेगळी, मंग भाव,' असे वडील म्हणत. कापसातून रुई किती निघते, म्हणजे उतारा किती, यावर सगळे ठरते. बनीचा उतारा शंभराला पंचविसाच्या थोडा वर. जाड्या वाणाचा त्याहून बराच जास्त. पुढे आलेल्या 'रोझियम'चा चाळिशीच्या आसपास. बारीक धाग्याला बाजार थोडा जास्त भाव देई, पण एवढी तूट भरून निघेल इतका नाही. त्यात जिनात सगळे वाण एकत्र पडत, तेव्हा चांगल्या धाग्याचा भाव चांगल्या धाग्याच्या मालकापर्यंत पोहोचतच नसे. शिवाय जरी पावसाच्या लहरी सोसे. इजिप्तचा कापूस नाईलच्या पाटपाण्यावर वाढलेला. वऱ्हाडची जमीन काळी कसदार खरी, पण कोरडवाहू. आणि टिपण निघाले त्याच १८९६ मध्ये पाऊस दगा देऊन गेला, पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ तर वऱ्हाडने कधी विसरू नये असा.

यावरून जमशेटजींना शेती कळत नव्हती असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि चूक आहे. चूक झाली तरी करून पाहण्याची त्यांची तयारी होती. जुन्या वाणावर समाधान मानून सूत काढत बसणे त्यांना नफ्याचेच होते. एम्प्रेस मिल भरभराटली ती याच भागातल्या कापसावर. तरीही ते पुढचे पाहू लागले. पण उतारा कमी देणाऱ्या पिकाची जोखीम कोण उचलणार, हा प्रश्न त्यांच्या दानशूरपणाच्या कक्षेत आला नाही. विद्यार्थी आला, शास्त्रज्ञ आला, कामगारही आला. कापूस पिकवणारा पुरवठादार राहिला. चरित्रकारांनी ही मर्यादा दाखवली असती तर त्यांचा नायक लहान झाला नसता. तो माणूस झाला असता, आणि आम्हा वऱ्हाडकरांना त्याच्याशी बोलता आले असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शेतीखात्याने अखेर शेतकऱ्याचाच हिशेब मान्य केला आणि रोझियमचे बियाणे स्वतः वाटले. लांब धाग्याचे स्वप्न काही काळ बाजूला पडले. एम्प्रेस मिल पुढे राज्य सरकारकडे गेली, बंद पडली; तिच्या जागेवर आता मॉल आहे, नाव तेच. आमच्या पार्काच्या प्लॉटांची आखणी चालू आहे. परवा फाट्यावर चहा पिताना एका शेतकऱ्याने मला विचारले, 'इथं मिल झाली तं कापूस कोन्त्या वानाचा घेतीन, आन् उताऱ्याचं कसं?' मी त्याला जरीची आणि बनीची गोष्ट सांगितली. त्याने ती पूर्ण ऐकली आणि म्हणाला, 'म्हंजे तवाबी विचारलंच नोतं.'