तीन पुल्यांची समीक्षा

समीक्षा लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारण्याआधीच सांगून टाकतो : काहीही नाही. मी बी. कॉम. आहे आणि गेली 22 वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसतो. ललित साहित्याशी माझा संबंध कर्जाच्या अर्जापुरता. त्यातला 'उद्योगाचे भवितव्य' हा रकाना मी नेहमी आवडीने वाचतो. पण समीक्षक मंडळी जशी पुस्तकाची पाने उलटतात, तसे आमच्या मिस्त्रीनेही तासभर पाने उलटसुलट करून या कलाकृती मोकळ्या केल्या, आणि मी बॅटरी धरून उभा होतो. एवढ्या जवळून वाचन केलेले समीक्षक फार नसावेत.

कलाकृती तीन. बाबांच्या 1978 सालच्या अँबेसिडरच्या पुल्या : एक क्रँकची, एक पाण्याच्या पंपाची, एक डायनॅमोची. तिघींना मिळून एकच पट्टा. क्रँकची पुली फिरली की पट्टा बाकीच्या दोघींना फिरवतो. पंखा वारा घालतो, पंप पाणी खेळवतो, डायनॅमो बॅटरी भरतो. म्हणजे कमावणारा एक आणि त्याच्या जिवावर फिरणारे दोन. आमच्या घरातही बरीच वर्षे हीच व्यवस्था होती. कमावणारे बाबा, फिरणारे आम्ही दोघे भाऊ.

आता या पुल्या बाहेर काढायची बुद्धी मला का झाली? तर शहरात जुन्या गाड्यांचे प्रदर्शन होते. तिथे गाड्या बॉनेट उघडून उभ्या करतात. मागच्या वर्षी मी नुसता बघायला गेलो होतो, तर एका फियाटचे इंजिन लग्नातल्या बँडवाल्याच्या तुतारीसारखे लखलखत होते. त्याच्या पुलीत मी माझा चेहरा पाहिला आणि घरी येऊन आमचे बॉनेट उघडले. आमच्या पुल्या काळपट, कडांना गंज, आणि क्रँकच्या पुलीवर कुणीतरी पांढरा रंग सांडल्यासारखा एक ठिपका. मला लाज वाटली. बँकेत आम्ही 31 मार्चला ताळेबंद जरा नीटनेटका दिसेल असे बघतो; त्याला आमच्या शास्त्रात विंडो ड्रेसिंग म्हणतात. मोटारीचाही असा एक 31 मार्च असावा असे मला वाटले.

खर्च महसुली की भांडवली, यावर मी दोन दिवस विचार केला. दुरुस्ती असेल तर महसुली. आयुष्य वाढत असेल तर भांडवली. बाबांना विचारले असते तर त्यांनी तिसरा प्रकार सांगितला असता, म्हणून विचारले नाही.

पुली काढणे हा प्रकार फार सुंदर आहे, आणि त्याबद्दल मी एकही वाईट शब्द लिहिणार नाही. आधी पाणी सोडले, रेडिएटर काढला. डायनॅमो सैल करून पट्टा उतरवला. पंख्याचे चार बोल्ट निघाले की पंपाची पुली हातात येते. तिच्यात नाट्य नाही. नाट्य क्रँकच्या पुलीत. तिचा नट म्हणजे अडकित्त्यात न मावणारी सुपारी. शिवाय त्याच्या तोंडाला हँडल अडकवायचे दात. ज्यांनी थंडीत सकाळी अँबेसिडरला हँडल मारले आहे त्यांच्या मनगटाला ते दात ठाऊक आहेत. नटाखाली एक वॉशर, त्याचा कान दुमडून नटावर बसवलेला, नट सुटू नये म्हणून. मिस्त्रीने तो कान छिन्नीने उलगडला, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मला ब्रेकवर उभे केले, आणि पान्यावर हातोडा घातला. तिसऱ्या घावाला नट हलला. पुढे पुलर लावून पुली ओढली, तर आत शाफ्टवर ती अर्ध्या चंद्रकोरीएवढी लोखंडी चावी. पुली शाफ्टवर गरगर फिरू नये म्हणून एवढीशी ती चावी 1489 सी.सी.चे सगळे ओझे पेलते. "हरवू नका भाऊ," मिस्त्री म्हणाला, "मोठं सामान सगळं सापडते. हेच नाही सापडत." मी ती खिशात ठेवली आणि दिवसभर लॉकरची किल्ली असल्यासारखी चाचपत राहिलो.

इथपर्यंत आशय. आता अभिव्यक्ती.

पुल्या मी हिंगण्याच्या बाजूला पावडर कोटिंगला दिल्या. तिथे आधी वाळूच्या फवाऱ्याने गंज उडवतात, मग पावडर मारून भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजतात. (नागपूरच्या मे महिन्यात वेगळी भट्टी कशाला पेटवतात हे मला समजले नाही.) कारागिराने विचारले, खाचेत मास्किंग करायचे का? दोष त्याचा नाही, हे नोंदवून ठेवतो. मी म्हणालो, सगळीकडे लावा, पैशाची काळजी नको. आयुष्यात हे वाक्य मी प्रथमच उच्चारले.

पुल्या चंदेरी होऊन आल्या. प्रदर्शनात आम्हाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळाले. परीक्षकांनी वाकून पाहिले आणि "वा" म्हटले. बाबांनीही वाकून पाहिले. ते काही म्हणाले नाहीत.

परतताना वर्धा रोडवर बॉनेटमधून मांजर किंचाळावे तसा आवाज यायला लागला. मग डॅशबोर्डवर लाल दिवा. अजनीच्या अलीकडे बॉनेटच्या फटीतून वाफ. मेट्रोच्या खांबाच्या सावलीत गाडी उभी केली, तेव्हा 74 वर्षांचे बाबा मागच्या सीटवर रुमालाने वारा घेत होते आणि प्रमाणपत्र माझ्या मांडीवर होते. मिस्त्री स्कूटरवर आला, पट्ट्यावर अंगठा दाबून पाहिला. अर्धा इंच दबला, म्हणजे ताण बरोबर होता. मग खाचेत बोट फिरवून म्हणाला, "पट्टा सरकून राहिला न भाऊ. तुम्ही तर घाटात तूप सांडवलं."

माझा खरा आक्षेप इथे आहे, आणि तो केवळ माझ्या पुल्यांवर नाही. त्या प्रदर्शनातल्या निम्म्या बॉनेटांवर आहे. पट्टा इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. तो खाचेच्या दोन्ही बाजूंना आवळून धरतो, तळाला टेकत नाही. म्हणून चालत्या पुलीच्या बाजू पट्टाच घासून लख्ख ठेवतो आणि तळ मळका राहतो. तळ चमकू लागला, तर समजावे की पट्टा किंवा खाच झिजली, पट्टा खाली बसला. पुली वाचायची ती अशी : बाजू उजळ, तळ काळा, तर प्रकृती ठीक. आम्ही हिशेबात ज्याला घसारा म्हणतो तो इथे डोळ्यांनी दिसतो, आणि आमच्या पुस्तकातल्यापेक्षा खरा असतो. मी रंग देऊन बाजू आणि तळ एकाच भावात आणले. परीक्षकांनी नेमके त्यालाच गुण दिले. ज्या इंजिनाच्या पुल्यांची खाचसुद्धा चंदेरी आहे ते इंजिन ट्रकवरून प्रदर्शनाला येते, एवढे तरी त्यांनी ओळखायला हवे होते.

हे सगळे मी रात्री बाबांना ऐकवले. पुल्या पुन्हा काढून, वर्तमानपत्रावर, जेवणाच्या टेबलावर ठेवल्या होत्या. बाबांनी ऐकून घेतले आणि विचारले, "आणि माझी खूण?"

तो पांढरा ठिपका. क्रँकच्या पुलीच्या कडेला कारखान्याची एक बारीक चीर असते. इंजिनावरच्या दर्शक टोकांसमोर ती आणून इग्निशनची वेळ लावतात. आमच्या गाडीत ती टोके खाली, म्हणून जमिनीवर आडवे होऊन बघावे लागते. बाबा दर 5,000 किलोमीटरला प्लॅटिन पॉइंट साफ करत, वेळ तपासत, आणि चीर दिसावी म्हणून तिच्यात पांढरा रंग भरत. कितीदा तरी मी त्यांचे नुसते पायच पाहिले आहेत, गाडीखालून बाहेर आलेले, रविवारी सकाळी. माझ्या भट्टीने ती चीर बुजवून टाकली होती.

मी दिव्याखाली धरून शोधली. चष्मा लावून शोधली. बाबांना आता मोतीबिंदूनंतर बारीक दिसत नाही. त्यांनी पुली मांडीवर घेतली आणि कडेवरून अंगठ्याचे नख हळूहळू फिरवले. एक फेरा पूर्ण झाला. दुसऱ्या फेऱ्यात नख थांबले.

"इथे."

तिकोनी कानशीने मी तिथला रंग खरवडला. चीर होती. खाचेतले कोटिंग दुसऱ्या दिवशी रिमूव्हर आणि पॉलिश पेपरने काढले, त्याला रविवार गेला. कडेचे चंदेरी तसेच ठेवले. उतरवायलाही पैसे पडतात. खुणेसाठी घरात पांढरा रंग नव्हता. माझ्या बॅगेत व्हाइटनर होते. बँकेत व्हाइटनर लावलेला कागद मी कुणाकडूनही घेत नाही, पण त्या रात्री लावले.

बाबांनी पुली दिव्याकडे धरून, लांब करून पाहिली.

"जरा जाड झालं," म्हणाले. "चालेल."