मारिया कॅलासची टोस्का: आवाज उतरल्यावर उरलेलं गाणं

आज एकाच गायिकेबद्दल बोलू, आणि तिच्याही एकाच अंकाबद्दल. गायिका मारिया कॅलास. ऑपेरा पुच्चिनीचा ‘टोस्का’, अंक दुसरा. स्थळ लंडनचं कॉव्हेंट गार्डन, साल १९६४, दिग्दर्शक फ्रँको झेफिरेल्ली. हा अंक टीव्हीसाठी चित्रित झाला, म्हणून आज आपल्याला तो पाहता येतो. कॅलासचं रंगमंचावरचं काम फार थोडं चित्रित झालंय, त्यामुळे हा ठेवा मोलाचा.

आधी तिच्याविरुद्ध जे बोललं जातं ते मान्य करू. १९४९च्या जानेवारीत व्हेनिसला तिने वाग्नरची ब्रुनहिल्ड गायली आणि त्याच महिन्यात बेल्लिनीची एल्विरा. एकीकडे भल्यामोठ्या वाद्यवृंदाला पुरून उरणारा भरदार आवाज, दुसरीकडे बारीक तानांची नजाकत, आणि दोन्ही एकाच गळ्यातून! १९६४मध्ये ती ताकद राहिलेली नाही. वरचे सूर थरथरतात, कधी कर्कश होतात. निव्वळ गोडवा हवा असेल तर आपण रेनाता तेबाल्दीकडे जावं.

मग उरलं काय? बघा. रोमचा पोलीसप्रमुख स्कार्पिया टोस्काच्या अब्रूच्या मोबदल्यात परवाना लिहून देतोय. टोस्का टेबलाशी येते आणि तिला सुरी दिसते. इथे तिला गायला काही नाही, नुसता वाद्यवृंद वाजतोय. कॅलासची नजर सुरीवर खिळते, आणि खुनाचा विचार मनात शिरताना आपल्याला दिसतो. अभिनय वेगळा आणि संगीत वेगळं, असं इथे होत नाही. वाद्यवृंद जे सांगतोय तेच तिचं अंग सांगतं.

हे कुठून आलं? तिची नजर फार अधू होती. चष्म्याशिवाय कंडक्टरची काठी धड दिसायची नाही. त्यामुळे सगळं संगीत मुखोद्गत करून कानावर भिस्त ठेवावी लागे. समोर तीतो गोब्बीचा स्कार्पिया गात असतो तेव्हाही ती स्वतःच्या पाळीची वाट बघत उभी नसते. ती ऐकत असते.

आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की नाटक थांबायचं, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘टोस्का’तही तशी जागा आहे. कथानक थांबतं आणि टोस्का देवाला जाब विचारते. कॅलासचा सूर इथे डळमळतो. तो दोषच आहे, त्याला गुण म्हणायचं कारण नाही. पण शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे इतकं नेमकं आहे की पद संपल्यावर नाटक पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटत नाही, कारण ते थांबलेलंच नसतं.

जुलै १९६५मध्ये याच रंगमंचावर, याच भूमिकेत ती शेवटचा ऑपेरा गायली. आपण हा अंक एकदा आवाज बंद करून पाहावा. मग दे साबाताच्या संचालनाखालचं तिचं १९५३चं ध्वनिमुद्रण डोळे मिटून ऐकावं. दोन्हीकडे तीच बाई भेटते. मोठी गायिका कुणाला म्हणावं, याचं आमचं उत्तर तिथे आहे.